एका स्ट्राईकआऊटला दहा शेणी: बेसबॉल, दान आणि आपलं कोल्हापूर

तिसरा_बेस (11 जानेवारी, रात्री 10:40)

मंडळी, नमस्कार.

धागा काढायला कारण आमची संध्याकाळची बेसबॉलची पोरं-पोरी. सतरा जण, आठवी ते बारावी. मी दिवसभर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, सुटलो की थेट मैदानावर. कोल्हापुरात बेसबॉल शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, 'म्हणजे सॉफ्टबॉल का?' सॉफ्टबॉल म्हटलं की 'म्हणजे टेनिस बॉल क्रिकेट?' आता सवय झालीय.

फेब्रुवारीच्या शेवटी चार संघांची छोटी स्पर्धा ठेवलीय. पोरांचं म्हणणं, नुसतं खेळून ढाल घेऊन घरी जायचं नाही, कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी करायचं. ऐकून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका वृक्षारोपणाला गेलो होतो. पंचवीस खड्डे, पंचवीस रोपं आणि एक दहा फुटी फ्लेक्स. पोरांनी जर्सी घालून फोटो काढले. दिवाळीच्या सुट्टीत बघायला गेलो तर रोपं शिल्लक तीन, आणि फ्लेक्स गायब. तो कुणीतरी सोडवून नेला होता. तेवढीच वस्तू कुणाच्या कामाची असणार.

तिकडं अमेरिकेत, जपानात बेसबॉलचे संघ असली कामं वर्षानुवर्षं करतात. मी जे थोडंफार वाचलंय ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

मला सगळ्यात आवडतं ते बोस्टनचं. 22 मे 1948 ला रेडिओच्या एका कार्यक्रमात कॅन्सर झालेल्या बारा वर्षांच्या पोराला दवाखान्यातल्या खाटेवरून बोलतं केलं. खरं नाव झाकायला त्याला 'जिमी' म्हटलं. बोलता बोलता बोस्टन ब्रेव्ह्ज संघाचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत शिरले. पोराला मॅच बघायला टीव्ही हवा होता. श्रोत्यांना सांगितलं, 20 हजार डॉलर जमले की जिमीला टीव्ही. जमले 2 लाखांच्या वर! डॉ. सिडनी फार्बर यांच्या लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या कामासाठी त्यातूनच जिमी फंड उभा राहिला. 1953 ला ब्रेव्ह्जनी गाव सोडलं, मिलवॉकीला गेले. मग त्याच शहरातल्या रेड सॉक्सनी तो फंड आपलासा केला, तो आजपर्यंत. आणि पोरगा? बहुतेकांनी गृहीत धरलं होतं की वाचला नसेल. तो 1998 ला, पन्नास वर्षांनी, लोकांसमोर आला. आइनार गुस्ताफसन. ट्रक चालवायचा.

'कर्करोगाविरुद्धच्या लढ्यासाठी सढळ हस्ते मदत करा' म्हटलं असतं तर कुणी खिशात हात घातला असता का? पोराला मॅच बघायचीय, एवढंच सांगितलं.

दुसरी एक पद्धत तिकडं सर्रास चालते. पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) गडी स्ट्राईकआऊट केला, म्हणजे तीन स्ट्राईकवर (चांगले चेंडू हुकले वा सोडले की) बाद केला, की दर गड्यामागं कुणीतरी ठरलेली रक्कम द्यायची. म्हणजे दानसुद्धा स्कोअरशीटवर चढतं. ही मला लागू पडण्यासारखी वाटते. पण आपण काय द्यायचं? कुणाला? आणि स्पर्धा झाल्यावर मैदानाचा उकिरडा होऊ नये म्हणून काय करायचं? सुचवा.

स्टँडमागचा (11 जानेवारी, रात्री 11:15)

भावा, शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फायनल असली की गल्लीत माणूस सापडत नाही. तुझ्या मॅचला खेळाडूंच्या आया सोडून कोण येतंय? :)

चेष्टा सोड, विषय लई भारी आहे. कचऱ्याचं म्हणशील तर आमच्या फुटबॉलवाल्यांकडून काही शिकू नको. मॅच संपल्यावर पायऱ्यांवर शेंगांची टरफलं, पाण्याचे पाऊच, मावा-गुटख्याच्या पुड्या. हरलेल्या संघाच्या बाजूला जास्त, कारण रागानं फेकलेलं असतं.

पावसाच्या_गावी (12 जानेवारी, सकाळी 8:05)

माहेर राजारामपुरी, सध्या मुक्काम सिएटल. टरफलांवरून राहवलं नाही म्हणून लिहिते.

इथं मरिनर्स या बेसबॉल संघाच्या मॅचला गेलं की पायाखाली शेंगांची टरफलंच टरफलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शाहू स्टेडियमच आठवलं! फरक इतकाच की इथली टरफलं खतात जातात. 2005 मध्ये या स्टेडियमचा जेमतेम 12 टक्के कचरा पुन्हा वापरात जायचा, काही वर्षांत ते प्रमाण 90 च्या घरात नेलं. ही जादू नव्हे. खायच्या स्टॉलवर जे काही हातात देतात ते बहुतेक सगळं कुजणारं ठेवलं. ताटली, काटा, पेल्याचं झाकणसुद्धा. म्हणजे लोकांनी विचार करून टाकायची गरजच कमी केली.

तरीही गोंधळ होतोच. माझा सात वर्षांचा मुलगा केचप लागलेली ताटली घेऊन दोन डब्यांमध्ये उभा, मागं रांग तुंबलेली. मागच्या आजोबांनी बोटानं हिरवा डबा दाखवला, तेव्हा कुठं पुढं सरकलो.

बाकी 2015 मध्ये मैदानावर एलईडी दिवे लावणारं हे पहिलं मोठं बेसबॉल स्टेडियम. मिनियापोलिसच्या टार्गेट फील्डला पावसाचं पाणी साठवून त्यानं स्टँड धुतात. बोस्टनच्या फेनवे पार्कच्या गच्चीवर 2015 पासून भाजीपाला पिकतो, तिथल्याच खाणावळीत वापरतात. पण तुमच्या चार संघांच्या स्पर्धेला यातलं काय कामाचं? माझ्या मते एकच: कचरा गोळा करायचं नियोजन नंतर, मैदानात काय येऊ द्यायचं ते आधी ठरवा.

शंकेखोर (12 जानेवारी, दुपारी 1:30)

कौतुक ऐकून झालं, आता थोडं मीठ. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा एक संघ मोसमात 162 सामने खेळतो, त्यातले 81 परगावी, बहुतेक प्रवास विमानानं. स्टेडियमभोवती हजारो गाड्यांचे वाहनतळ. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये तेल कंपनीची नारंगी '76' ची पाटी मिरवते, ती काढा म्हणून पर्यावरणवाले मागं लागलेत. आणि हे म्हणणार आमचा काटा मक्याच्या पिठाचा! भल्या मोठ्या धंद्याला हिरवा रंग फासायचा प्रकार आहे हा.

तिसरा_बेस (12 जानेवारी, रात्री 9:50)

@शंकेखोर, मुद्दा बरोबर आहे, खोडत नाही. पण तिथल्याच खेळाडूंपैकी काहींना ते टोचतंय. ब्रेंट सूटर नावाचा डावखुरा पिचर, हार्वर्डला पर्यावरणशास्त्र शिकलेला. मिलवॉकीच्या ब्रुअर्स संघात असताना, 2019 च्या सुमारास, त्यानं सहकाऱ्यांच्या मागं लागून डगआऊटमधल्या (मैदानाकडेला खेळाडू बसतात तिथल्या) प्लास्टिकच्या बाटल्या कमी करून धुऊन वापरायच्या बाटल्या आणायला लावल्या. विमानं थांबली नाहीत, खरंय. डगआऊट मात्र त्याच्या हातातलं होतं.

आम्ही तर सगळे केएमटीच्या बसनं आणि सायकलवरून येतो, तेव्हा निदान विमानाचं पाप आमच्या माथी नाही.

ओसाकाहून_परत (13 जानेवारी, सकाळी 7:20)

जपानात चार वर्षं होतो, तिथले दोन किस्से.

पहिला हिरोशिमा कार्पचा. अणुबॉम्बनं बेचिराख झालेल्या गावानं चार-पाच वर्षांत व्यावसायिक संघ उभा केला. बाकी संघांच्या पाठीशी रेल्वे, वर्तमानपत्रं अशा बड्या कंपन्या, यांच्या पाठीशी कुणीच नाही. 1951 मध्ये खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नव्हते, संघ बंद करायची किंवा दुसऱ्यात मिसळायची भाषा सुरू झाली. तेव्हा मैदानाच्या दारात साकेची लाकडी पिंपं ठेवली. ज्यांच्या घराला अजून नीट छप्पर नव्हतं त्या लोकांनी येता-जाता त्यात नाणी टाकली आणि संघ तगला. लीगचं पहिलं विजेतेपद पुढं 1975 ला. संघ लोकांना देतो ते ठीक, इथं आधी लोकांनी संघाला दिलं. तिथल्या आजोबा लोकांना 'कार्प' म्हटल्यावर जो कढ येतो तो त्या पिंपांपासूनचा.

दुसरा बॅटचा. तिकडं चांगल्या बॅटी आओदामो नावाच्या झाडाच्या करत. ते झाड बॅटीच्या जोगं व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं लागतात, आणि एका झाडातून निघतात मोजक्याच बॅटी. तेव्हा मोडलेल्या बॅटींच्या चॉपस्टिक करतात, त्यावर संघांची चिन्हं छापतात आणि विक्रीतला वाटा आओदामोची रोपं लावायला जातो. माझ्याकडं एक जोड आहे. हातात धरली की टोकाला लाकडाचे उभे रेषे दिसतात. बॅटच्या दांड्यावर दिसतात तसेच.

अमेरिकेत ज्याच्या बॅटी करत त्या ॲश झाडावर कीड पडलीय, एमराल्ड ॲश बोरर. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडली आणि पसरत गेली. तिथले खेळाडू त्याआधीच मेपलकडं वळायला लागले होते, आता ॲशची बॅट विरळा.

स्टँडमागचा (13 जानेवारी, सकाळी 9:02)

पिंपाची आयडिया नाद खुळा! ठेवा दारात एक पिंप.

रविवार_पेठी (13 जानेवारी, दुपारी 12:45)

पिंप ठेवा, पण त्यात रोख पैसे नकोत. मी तीस वर्षं वेगवेगळ्या स्पर्धांना स्कोअरर म्हणून बसलोय. पैशाला हात लावला की पावतीपुस्तक आलं, हिशेब आला, धर्मादाय आयुक्त आले आणि शेवटी दोन मित्रांचं बोलणं बंद झालं. वस्तू घ्या.

आणि मंडळी, तुम्ही सिएटल-हिरोशिमा फिरून आलात, पंचगंगेच्या घाटावर कुणी गेलंच नाही. आपल्याकडं 'होळी लहान करा, शेणी (गोवऱ्या) दान करा' हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. तिथं शेणी शेकड्यानं लागतात, रोज. होळीच्या आसपास तालमी, मंडळं, कॉलन्या टेम्पो भरून शेणी आणून टाकतात. होळीत उगीच जळायचं ते कुणाच्या तरी शेवटच्या कामाला येतं, झाडावर कुऱ्हाड पडत नाही, आणि गरिबाला सरणाची चिंता नाही. दान आणि पर्यावरण दोन्ही एकाच टेम्पोत. गणपतीत मूर्तिदान, निर्माल्यदान करणारं गाव आहे हे, आपल्याला हे कुणी शिकवायला नको.

तुमची स्पर्धा फेब्रुवारीअखेर, होळी मार्चच्या सुरुवातीला. एका स्ट्राईकआऊटला दहा शेणी. लिहून ठेवायला मी येतो.

पावसाच्या_गावी (13 जानेवारी, रात्री 8:30)

काका, दंडवत! माझ्या आजोबांना 2011 मध्ये तिथंच नेलं होतं. शेणी कुठून येतात हा प्रश्न तेव्हा डोक्यातही आला नाही.

कुरुंदवाडकरीण (14 जानेवारी, दुपारी 3:10)

शेणीला माझा पाठिंबा, कारण घाटावर काय लागतं ते आधीपासून माहीत आहे. हे फार महत्त्वाचं आहे. का ते सांगते.

2019 च्या पुरात आमच्याकडं आठवडाभर पाणी होतं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, त्या वर्षी पाणी पन्नासच्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर महाराष्ट्रभरातून मदत आली, ती आम्ही विसरणार नाही. पण एका शाळेच्या वर्गात कपड्यांचा जो ढीग लागला तो अजून डोळ्यांसमोर आहे. मी आणि माझी जाऊ तीन दिवस निवडत होतो. लग्नातली शेरवानी. लोकरीचे स्वेटर, ऑगस्टमध्ये. एकाच पायाचे बूट. काठ फाटलेल्या जरीच्या साड्या. ढिगाला खालून ओल येऊन सगळ्याला कुबट वास लागला, शेवटी अर्धा ढीग ट्रॅक्टरनं नेऊन टाकावा लागला. म्हणजे पुराच्या गाळावर आणखी कचरा आम्हालाच उचलावा लागला. आणि हवं काय होतं? खराटे, फिनेल, चटया, पोरांच्या वह्या, सॅनिटरी पॅड, जनावरांना वैरण. वैरणीचा ट्रक आला तेव्हा बायका रडल्या.

म्हणून माझं म्हणणं, शेणी दिल्या तरी आधी घाटावर जाऊन विचारा. कधी आणायच्या, कुठं ठेवायच्या, किती वाळलेल्या लागतात. आणि पोहोचवायला पोरांनी स्वतः जायचं.

तिसरा_बेस (14 जानेवारी, रात्री 11:20)

ताई, तुमचं वाचून रॉबर्टो क्लेमेंटे आठवला. राहवत नाही, लिहितोच.

पोर्टो रिकोचा माणूस, पिट्सबर्ग पायरेट्सचा राईट फील्डर. 30 सप्टेंबर 1972 ला त्यानं 3000 वा हिट मारला. डिसेंबरच्या 23 तारखेला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. हा काही आठवड्यांपूर्वीच हौशी खेळाडूंचा संघ घेऊन तिथं जाऊन आला होता, त्यामुळं ते गाव त्याच्या ओळखीचं. सान हुआनमध्ये त्यानं लोकांकडून सामान गोळा करायला सुरुवात केली, विमानं पाठवली. मग कानावर आलं की सामान भूकंपग्रस्तांच्या हाती पडत नाही, तिथल्या सत्ताधाऱ्यांची माणसंच मधल्या मध्ये हडपतात. तेव्हा म्हणाला, मी स्वतः जातो, माझ्यासमोर कोण हात लावतो बघू. 31 डिसेंबरला रात्री जुनाट, वाजवीपेक्षा जास्त लादलेल्या विमानात बसला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळालाच नाही. 3000 वर आकडा थांबला तो थांबलाच.

हॉल ऑफ फेमसाठी पाच वर्षं थांबायचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवून 1973 मध्ये त्याला घेतलं. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणाऱ्या पुरस्कारालाही तेव्हापासून त्याचं नाव आहे. (अवांतर: आपले बेसबॉलचे पिचर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल 2008 मध्ये करारबद्ध झाले ते याच पायरेट्सशी.)

उद्या पोरांना हे सांगणार आहे. आणि रविवारी आम्ही घाटावर विचारायला जातोय.

शंकेखोर (15 जानेवारी, सकाळी 10:00)

शेणीला माझी हरकत नाही. फक्त एक कळलं नाही: शेणी द्यायच्या कुणी? बाद करणाऱ्यानं की होणाऱ्यानं?

रविवार_पेठी (15 जानेवारी, सकाळी 10:25)

होणाऱ्याच्या संघानं. त्याशिवाय पोरं चेंडू नीट बघायला शिकणार नाहीत.

तिसरा_बेस (5 मार्च, रात्री 9:15)

मंडळी, उशीर झाला, वृत्तांत देतो.

चार सामने झाले. मैदानात बाहेरचं पाण्याचं पाऊच, बाटली काही नाही. माठ दोन, स्टीलचे पेले साठ. चाळीसच परत आले, वीस कुठं गेले ते कळलं नाही. खायला भडंग आणि शेंगा, कागदाच्या पुड्यांत. टरफलं दारातल्या पिंपात, ती शेजारच्या रोपवाटिकेनं खताला नेली. तरीही प्लास्टिक निघालंच. एका पालकांनी पोरासाठी पार्सल आणलेल्या मिसळीच्या कटाच्या पिशव्या होत्या, त्या पिंपात फुटल्या आणि टरफलांना तर्री लागली. रोपवाटिकावाला म्हणाला, 'खत झणझणीत होणार.'

शेणी बऱ्याच जणांनी घरून, आजोळहून आणल्या. शहरातल्या पोरांनी चिखलीच्या बाजूच्या एका मावशींकडून विकत घेतल्या. आणायला गेलो तर मावशींनी शेणींची उडवी (रचलेला ढीग) झाकून ठेवलेली. कशानं? आमच्याच वृक्षारोपणाच्या फ्लेक्सनं! आमचीच जर्सी, आमचेच हसरे चेहरे, खाली कोरड्या ठणठणीत शेणी. पोरं हसून लोळली. मावशींना काही कळेना. 'चांगला हाय की कागद, पाणी आत जाईत न्हाई,' म्हणाल्या.

टेम्पो होळीच्या आदल्या दिवशी सकाळी नेला. पोरांनी साखळी करून स्वतः उतरवल्या. तिथल्या कर्मचाऱ्यानं एक शेणी मोडून बघितली, मान हलवली, आणि रचायची कशी ते दाखवलं. मधे हवा खेळायला फट ठेवून, आडवी-उभी. आमचा कॅचर एरवी एक मिनिट गप्प बसत नाही, तो तिथं अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

आता भांडण. फायनलच्या शेवटच्या इनिंगला आमच्या बॅटरनं तिसऱ्या स्ट्राईकला बॅट फिरवली, हुकला. कॅचरच्या हातून चेंडू सुटला, मागं गेला. पोरगा पळाला आणि पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. आमचा संघ म्हणतो, तो बाद झालाच नाही, शेणी कसल्या? समोरचे म्हणतात, स्ट्राईकआऊट आहे, दहा काढा. दहा मिनिटं खेळ थांबला. काका, तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते इथंही लिहा.

रविवार_पेठी (5 मार्च, रात्री 9:40)

लिहितो. नियमानं पोरगा बेसवर नाबाद, पण स्कोअरशीटवर पिचरच्या नावावर स्ट्राईकआऊट लागतोच. तो त्रेपन्नावा होता. पाचशे तीस शेणी, एकही कमी नाही.

पोरगा रडवेला झाला होता, त्याचा त्या दिवसातला तिसरा स्ट्राईकआऊट. त्याची आई स्टँडमधून ओरडली, 'गप रे! तीस शेणी तुझ्या एकट्याच्या हायत!' मग मात्र तो बेसवर ताठ उभा राहिला. पुढच्याच चेंडूवर दुसरा बेस चोरला.